मुराळी

पवित्राची नोकरी कोल्हापुरात आणि घर शिरोळला, त्यामुळे तिचा निम्मा जन्म रस्त्यावरच चालला होता. सकाळी वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये अंग चोरून जयसिंगपूर, तिथून एस्टी धरून कोल्हापूर. शाहूपुरीतल्या विमा कंपनीच्या ऑफिसात पोहोचेपर्यंत साडीची इस्त्रीही मोडलेली आणि मनाची उभारीही. संध्याकाळी तेच सगळं उलट्या दिशेनं. लग्नानंतर हे तिनं हसत निभावलं. पण आता तिला सहावा महिना लागला होता, आणि जीप खड्ड्यात आपटली की तिचा हात आपोआप पोटाकडे जायचा. डॉक्टरीणबाईंनी तर स्पष्टच सांगितलं, "नोकरी करा खुशाल, पण हे हादरे बंद करा."

मग घरात उठता-बसता एकच विषय. राहायचं कुठं? नवरा संगमेश शिरोळकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट, गळीत हंगाम चालू, पाळ्या रोज बदलणाऱ्या. कोल्हापुरात राहावं तर त्याचे हाल, शिरोळला राहावं तर तिचे. शिवाय पावसाळ्यात कृष्णा फुगली की रस्ताच पाण्याखाली, मग कुणीच कुठं जायचं नाही. शेवटी दोघांनी मधलं गाव निवडलं, पेठ वडगाव. कोल्हापूरची एस्टी तासाला मिळते, बाजार मोठा आणि भाडं खिशाला झेपणारं. नवराबायकोचं एकमत झालं की घरातलं तिसरं माणूस बिथरतं, तसं झालं.

तिसरं माणूस म्हणजे संगमेशची आई. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून घरातही अक्काच. तोंडानं फटकळ बाई, पण भाकरी वाढताना वरची गरम भाकरी सुनेच्या ताटात टाकणारी. "दोन जीवाच्या बाईनं घर बदलू न्हाई," ती म्हणाली. "आणि मी काय तुला खाती व्हय, म्हणून निघालीस?"

"अक्का, तसं नाही हो. रस्त्याचं आहे सगळं."

"रस्ता रस्ता! आमी काय हवेतनं जात हुतो?"

 पवित्राच्या मनात सलत होतं ते वेगळंच. ऑफिसातल्या बायका डबा खाताना विचारायच्या, "पहिलं बाळंतपण माहेरी ना?" आपल्याकडे हा प्रश्न नसतोच खरं म्हणजे. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे गृहीत. दिवस भरत आले की माहेराहून मुराळी येतो, म्हणजे लेकीला न्यायला पाठवलेला माणूस. भाऊ असेल, चुलता असेल, कुणी नसेल तर भावकीतला एखादा. तो येतो, जेवतो, आणि लेकीला घेऊन जातो. पवित्राकडे येणार कोण? आई ती शाळेत असतानाच गेली, पाठोपाठ वडील, घर विकलं गेलं, सख्खा भाऊ नाही. मामीनं वाढवलं आणि वाढवल्याचं रोज ऐकवलं. या प्रश्नावर पवित्रा हसून विषय बदलायची, आणि परतीच्या एस्टीत खिडकीकडे तोंड करून रडायची. हे तिनं संगमेशलाही कधी सांगितलं नव्हतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी दोघं वडगावला घर बघायला गेली. एजंट आकाराम स्टँडवर उभाच होता. गळ्यात मफलर, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि प्रत्येक घराबद्दल बोलताना आवाजात असा उमाळा की जणू ते त्यानंच बांधलंय. पहिल्या घरात उजेड नव्हता. दुसऱ्यात उजेड होता पण मालकीण इतकी बोलत होती की संगमेशनं जिन्यावरूनच हात जोडले. तिसरं घर गावाबाहेर, हातकणंगल्याच्या रस्त्याला, उसाला लागून.

साधं स्लॅबचं घर. पुढं बेलाचं झाड, खाली स्वच्छ शहाबादी फरशी, स्वयंपाकघरातून मागं उघडणारं एक दार. एस्टीचा थांबा हाकेच्या अंतरावर. कुठं जाळी नाही, जळमट नाही. दुपारचं ऊन खिडकीतून सरळ ओट्यावर पडलं होतं. पवित्राला आत पाऊल टाकल्याबरोबर बरं वाटलं. पाय दमले होते म्हणूनही असेल.

"टाकी बघून घ्या की वरची," आकाराम संगमेशला म्हणाला. तो उंबऱ्याच्या आत आलाच नव्हता. दोघं बाहेरच्या जिन्यानं वर गेले. पवित्रा स्वयंपाकघरातल्या लाकडी पाटावर बसली. उसातून वारा फिरल्याची सळसळ येत होती, आणि नुकतंच पाणी मारलेल्या जमिनीचा ओला वास. त्यात भस्माचा वास मिसळला होता.

"बा गं बाई, बा. ये, बस. दमलीस."

मागच्या दारातून एक म्हातारी आत आली होती. इरकली लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळाला भस्माचे पट्टे आणि खाली ठसठशीत कुंकू. ती पवित्राच्या समोर फरशीवर मांडी घालून बसली, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या तिनं पुढं सरकवला. शेजारच्या असाव्यात, असं पवित्रानं गृहीत धरलं. पाणी थंडगार होतं.

"कितवा?"

"सहावा."

"पयलंच?"

"हो अव्वा." म्हातारीच्या बोलण्यात कानडी होतं, म्हणून आईला म्हणतात ते अव्वाच तिच्या तोंडी आलं.

"आई हाय न्हवं तुला?"

हा प्रश्न इतका सरळ आला की पवित्राला विषय बदलता आला नाही. "नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही अव्वा."

 म्हातारीनं हात पुढं करून पवित्राच्या गालावरून फिरवला. तो हात ओलसर होता, गार होता, आणि तरी पवित्राला तो बाजूला करवेना. इतक्या वर्षांत कुणी असा हात फिरवला नव्हता. मग म्हातारी उठली, कोनाड्यातून ताट काढलं, आणि गर्भारशी बाई रिकाम्या ओटीनं कशी धाडायची म्हणत तिनं पवित्राच्या पदरात खण घातला, नारळ घातला, ओंजळीनं तांदूळ घातले. पवित्रा वाकून पाया पडली.

"आता हे तुझं तवरमनी," म्हातारी म्हणाली. "तुझं माहेर. व्हय म्हण की."

भरल्या ओटीनं, डोळ्यांत पाणी असताना, बाईमाणूस नाही म्हणेल का? पवित्रा म्हणाली, "हो अव्वा. हेच माझं माहेर."

"पयलं बाळंतपण?"

"इथंच."

म्हातारी प्रसन्न हसली. "मग नववा लागला की मुराळी धाडती बघ," म्हणाली, आणि आली तशी मागच्या दारानं गेली. पवित्रानं डोळे पुसले. बोटांना काळी माती लागली होती, पाया पडताना लागली असावी.

संगमेश खाली आला तेव्हा ती हसत होती. "अहो, हेच घर घ्यायचं," ती म्हणाली. "शेजारी तर इतक्या चांगल्या आहेत! ओटी भरली माझी."

दाराबाहेर उभ्या आकारामनं तिच्या पदराकडे पाहिलं. त्याच्या हातातला जुडगा वाजायचा थांबला. त्यानं दार ओढलं, कुलूप लावलं, ते दोनदा हिसडून बघितलं, आणि भराभर रस्त्याला लागला.  चौकातल्या चहाच्या गाड्यावर पोहोचल्यावर तो संगमेशला म्हणाला, "पावणं, ते घर नगं."

"का? भाडं वाढलं का एवढ्यात?"

"भाड्याचं न्हाय हो. तिथं शेजारीच न्हाईत. मागं निस्ता ऊस हाय." मग पवित्राकडे न बघता म्हणाला, "ताई, म्हातारी कशी हुती? हिरव्या बांगड्या?"

पवित्रानं मान हलवली.

"दानम्मा," आकाराम म्हणाला. चहा त्याच्या हातात तसाच राहिला. "त्या घराची मालकीण. एकुलती लेक, शिवांजली. कोल्हापूरला नोकरी करायची, सासरहून अप-डाऊन, तुमच्यासारखीच. दिवस भरल्यावर दानम्मानं मुराळी धाडला, तर सासरच्यांनी दारातनंच माघारी लावला. रजा मिळायची न्हाय म्हणाले. आणि मग एक दिवस एस्टी स्टँडवरच… पोरगीबी गेली आणि प्वारबी. दानम्मा त्या दिवशी सैपाकघरात मांडी घालून बसली, ती उठलीच न्हाई. तिला तशीच नेली."

"नेली म्हणजे…?"

"मातीला," आकाराम म्हणाला.

संगमेश हसला. हसणं भाग होतं त्याला, शास्त्राचा पदवीधर माणूस. "म्हणजे भूत आहे म्हणा की."

"मला म्हाईत न्हाय काय हाय. मागनं एक भाडेकरीण आली. तिचीबी ओटी भरली. ती म्हणाली, चांगलंय की, हेच माहेर. नवऱ्यानं लांब घर बघितलं, तरी नवव्या महिन्यात मुराळी दारात हजर. ती आपणहून गेली त्याच्यासंगं. बाळ तेवढं उंबऱ्यावर गुंडाळून ठेवलेलं सापडलं. बाई न्हाय सापडली." त्यानं चहा ओतून टाकला. "माघारी लावला तर दोघं जातात. धाडलं तर आई जाती. ताई, तुमी काय बोलला न्हाईत न्हवं तिला?"

पवित्राचा हात पदरातल्या नारळावर घट्ट झाला.

शिरोळला परत आल्यावर संगमेशनं ही हकीकत गंमत म्हणून अक्काला सांगितली. अक्का नेहमीसारखी तोंड सोडेल असं दोघांना वाटलं होतं.  पण तिनं ओटीतले तांदूळ बोटांनी चाळून पाहिले, त्यात काळ्या मातीचे खडे होते. मग ती उठून पवित्राजवळ आली आणि म्हणाली, "कोल्हापुरातच घर बघा. दवाखान्याजवळ. मी येती संगं."

"पण अक्का, यांच्या पाळ्या…"

"त्यो मरंल हेलपाट्यानं, तर मरू दे. तू माझ्या डोळ्यापुढनं हलायचं न्हाई."

अशा रीतीनं घराचा प्रश्न सुटला. टेंबलाईवाडीत तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट मिळाला. संगमेश पहाटे मोटरसायकलवर कारखाना गाठायचा आणि येताना धुरानं काळा होऊन यायचा. पवित्रा रिक्षानं ऑफिसला जायची. संध्याकाळी ती आली की अक्का बाल्कनीत उभी दिसायची, आणि उशीर झाला तर वरूनच, "जीव टांगणीला लावतीस व्हय गं?" अशी हाळी साऱ्या बिल्डिंगला ऐकू जायची. अक्कानं तिचे पाय चेपले, तिला डिंकाचे लाडू करून घातले, तिच्याशी बारीकसारीक भांडणंही केली. या बाईला आपण इतके दिवस नीट ओळखलंच नाही, असं पवित्राला वाटलं. सुखाचे दिवस होते ते. फक्त कधी दुपारी डोळा लागला की गालावर तो ओला हात यायचा, आणि जागी झाल्यावर तिला चुटपुट लागायची. घाबरायला हवं होतं हे तिला कळत होतं. तिला चुटपुट लागायची हे खरं.

नववा लागला. मार्चचं ऊन तापलं होतं. पवित्राची रजा सुरू झाली होती, संगमेशची रात्रपाळी संपून तो घरीच होता. भर दुपारी बेल वाजली.

दारात मध्यम वयाचा माणूस. पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी, कपाळाला भस्म, काखेत कापडी पिशवी. गावाकडून आलेले पाहुणे असतात तसाच. पत्ता कुणी दिला, तीन मजले चढून त्याला साधी धाप कशी लागली नाही, हे नंतर सुचलं. "शरणु शरणार्थी," असा लिंगायती नमस्कार करत तो हात जोडून म्हणाला. "वडगावहून आलोय. दानम्मा अव्वानं धाडलंय. लेकीला न्यायला."

संगमेशच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, मग एकदम चढला. "कोण अव्वा? कसली लेक? चालते…"

अक्कानं पुढं होऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. पोरगा एवढा मोठा, तरी लहानपणी दाबावं तसं तोंड दाबलं. आणि त्या माणसाला म्हणाली, "या की पावणं. उनातनं आलासा. पाणी घ्या, बसा."

तो आत आला. हॉलमध्ये सोफा होता, खुर्च्या होत्या. तो भिंतीला लागून फरशीवर बसला. मांडी घातलेली, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

आतल्या खोलीत अक्का कुजबुजली, "दारातनं लावायचा न्हाई. धाडायचीबी न्हाई. ऐकताय? मुराळी आला म्हणून आल्या पावली कुणी लेक धाडत न्हाई. पावण्याला एक वस्ती करावी लागती. आज न्हाई, उद्या. उद्या न्हाई, परवा. बाळ हातात येस्तोवर असंच रेटायचं."

"अक्का, पोलिसांना…"

"काय सांगणार पोलिसास्नी? पावणा जेवायला बसलाय म्हणून?"

आणि अक्कानं ते रेटलं. खरोखर, त्या बाईच्या हुशारीला तोड नव्हती. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "निघायचं व्हय?" तर अक्का म्हणाली, "आज सोमवार. लेक सोमवारी उंबरा वलांडत न्हाई आमच्यात." मग मंगळवार. मग अमावस्या. मग लेकीला नवं लुगडं घ्यायचं राहिलंय, मग तुमच्या जावयाची पाळी हाय, घरात गडीमाणूस न्हाई, धाडायची कशी? प्रत्येक वेळी तो तेवढंच म्हणायचा, "बरं की." त्याच्या आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. तो कधी आडवा झाला नाही. त्याच्यापुढं ताट ठेवलं जायचं. जेवताना त्याला कुणी पाहिलं नाही, पण उचलायला जावं तर ताट धुतल्यासारखं लख्ख. तो बसला होता तिथली फरशी ओली असायची. अक्का रोज पुसायची, आणि फडक्याला रोज काळी माती यायची.

"मांडी मोडत न्हाई बघ," अक्का एकदा पवित्राच्या कानात म्हणाली.  "आमच्यात माणूस गेला की असाच बसवून पुरत्यात…"

पवित्रा आतल्या खोलीतून बाहेर येईनाशी झाली. पण दार लावलं तरी हॉलमधला तो बारीक आवाज आत यायचा. "ताई… अव्वा वाट बघतीया. बाळंतिणीची खोली सारवून ठेवलीया. बाज आणलीया… शेगडी पेटवलीया… तुमच्यासाठी बाळंतविडा केलाय ताई…" पवित्रा कानांवर उशी दाबायची आणि रडायची. भीतीनं रडायची हे तर खरंच. पण त्या भीतीच्या तळाशी जे होतं ते भीतीहून वाईट होतं. तिला जावंसं वाटत होतं. कुणीतरी आपल्यासाठी खोली सारवून ठेवलीय, या एका वाक्यावर ती उठून दार उघडेल असं तिला वाटायचं, आणि मग ती पोटातल्या जीवाला घट्ट धरून बसायची.

शेवटी कळा सुरू झाल्या, त्याही भर दुपारी. संगमेशनं रिक्षा बोलावली. पण बाहेर जायचं म्हणजे हॉलमधून, त्याच्या पुढून जायचं. अक्कानं पवित्राला एका हातानं सावरलं, दुसऱ्या हातानं तिच्या डोळ्यांवरून पदर ओढला. दाराशी पोहोचेपर्यंत मागून खसफस झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो उभा राहिला होता.

"निघायचं, ताई?"

"पोरीला दवाखान्यात दावायची हाय," अक्का म्हणाली.

"मग मी मोकळ्या हातानं माघारी जाऊ व्हय…?"

त्या प्रश्नावर जिन्यापर्यंत गार हवा आल्यासारखं झालं. संगमेश जागीच खिळला. अक्कानं पवित्राचा हात त्याच्या हातात दिला, आणि स्वतः वळली.

"न्हाई," ती म्हणाली. "मोकळ्या हातानं न्हाई धाडणार तुमास्नी. माझा शबूद हाय. बसा."

"अक्का!" पवित्रा ओरडली.

"जा गं. पोटावर हात ठिव, आणि मागं बघू नगं." हे तिनं नेहमीच्याच फटकळपणानं सांगितलं, पीठ मळताना सांगावं तसं. मग दार लागलं.

मुलगी झाली. आई आणि मूल दोघंही सुखरूप. पोर जन्मली ती अशी टाहो फोडत की नर्सबाई म्हणाल्या, "हिला हलगी कशाला पायजे!" तीन मजली दवाखाना त्या पोरीनं डोक्यावर घेतला. पवित्रानं तिला कुशीत घेतलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "अक्का कुठं आहेत?"

अक्का आली नव्हती. तिचा फोन बंद होता. संगमेश घरी धावला तर दाराला बाहेरून कडी. आत हॉल स्वच्छ पुसलेला, भिंतीजवळची फरशी कोरडी. तिच्या चपला नव्हत्या. पवित्रासाठी आणलेलं नवं लुगडं नव्हतं. तो तसाच वडगावला गेला, आकारामला घेऊन घर उघडलं. प्रत्येक खोलीत बघितलं, मागच्या उसात शिरून हाका मारल्या. काही सापडलं नाही. पोलिसांत तक्रार दिली तेव्हा हवालदारानं विचारलं, "कुणाबरोबर गेल्या काय?" आणि संगमेश चौकीच्या उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला.

पवित्रा बाळाला घेऊन घरी आली. घरात आता नवराबायको दोघंच, आणि अक्का नसल्याची सगळीकडे जाणीव. माझ्यामुळं गेल्या, एवढं एकच पवित्राच्या मनात फिरत होतं. एक शब्द हावरटासारखा बोलून गेले, आणि त्याची भरपाई ज्या बाईनं केली तिला मी कधी आई म्हटलं नाही. घरी आल्यापासून पोर मात्र रडली नव्हती. "शहाणी आहे," संगमेश म्हणाला. त्यालाही काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मग तो औषधं आणायला खाली उतरला.

उन्हं कलली होती. पवित्रा पाळण्याला पाठ करून लंगोट घडी घालत होती, आणि फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, अक्का.

"अक्का! कुठं आहात तुम्ही?"

"कुठं म्हंजी? तुझ्या माहेरी." आवाज अक्काचाच होता, पण हलका, कुणीतरी वीस वर्षांची पोरगी बोलावी तसा. "लई बरं हाय गं हितं. अव्वा मला काडी उचलू देत न्हाई. म्हणती, तू बस. मला जन्मात कुणी असं बसवून वाढलं न्हवतं बघ."

"घरी या अक्का… पाया पडते तुमच्या. हे न्यायला येतील, आत्ता येतील…"

"यिऊन कसं भागंल? तुझ्या जागी आलीया न्हवं मी."

"अक्का…"

"रडतीस कशाला? पोरीची काळजी करू नगं. आमी दोघी हाय की."

तेवढ्यात पोर रडायला लागली. तोच टाहो, दवाखाना डोक्यावर घेणारा. फोन कानाला धरूनच पवित्रा घाईघाईनं पाळण्याकडे वळली.

पोरीचं तोंड उघडं होतं. मुठी आवळलेल्या, चेहरा लालबुंद, पाय झाडत ती जीव तोडून रडत होती. खोलीत मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. पंख्याची घरघर तेवढी होती. पवित्रानं फोन कानापासून दूर धरला, रडणं दूर गेलं. पुन्हा कानाला लावला. रडणं फोनमधूनच येत होतं.

"आली गं माझी बाय, आली," तिकडं अक्का कुणाला तरी म्हणत होती. बांगड्या वाजल्या. दुसरं कुणीतरी, म्हातारं, कानडीत जोजो म्हणू लागलं. थोपटल्याचा आवाज आला, एका लयीत, सावकाश. पाळण्यातल्या पोरीनं एक हुंदका दिला. तिच्या मुठी सैल झाल्या, तोंड मिटलं, आणि पापण्या हळूहळू जड होत गेल्या.

"झोपली," अक्का हळूच म्हणाली. "ठिव आता फोन. उठंल परत."